मोज्यांचा गुन्हा

आमच्या शाळेतून कोणालाही काढून टाकत नाहीत. मुलाला ‘पालकांकडे परत दिलं’ असं म्हणतात. मी वाणिज्य शाखेचा माणूस. ‘परत देणं’ हा शब्द मला मालासंबंधी शिकवला गेला. माल खराब निघाला की तो परत जातो. या शाळेच्या कचेरीत माझी सगळी नोकरी गेली, पुढच्या वर्षी निवृत्त होईन, तरी सोळा वर्षांच्या पोरीच्या नावापुढे तो शब्द टाइप करायची वेळ आली की माझं डोकं तापतं. ज्या बाईंमुळे एकदा तो टाइप करावा लागला नाही, त्यांच्याविषयी हे लिहितो आहे.

त्यांचं नाव मुरवानी. शिक्षिकेला ‘बू’ म्हणायचं, पुरुषाला ‘पाक’, म्हणून बू मुरवानी, आणि मुलांच्या तोंडी नुसतं बू मुर. अंगाने बारीक, चष्मा सतत नाकाच्या शेंड्यावर, आणि चालणं असं की व्हरांड्यात कोणी पळतंय असं वाटावं. तेमांगुंग या आमच्या जिल्ह्याच्या गावात बाजारामागे त्यांचं माहेर, आणि घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर. मुलांना त्या घरातल्यासारखी हाक मारत. मुलगा असेल तर ‘तोले’, मुलगी असेल तर ‘न्डुक’. आमच्या शाळेत त्या समुपदेशक होत्या. सुंबिंग डोंगराच्या उतारावरच्या तंबाखूच्या गावांतून जी पोरं आमच्याकडे शिकायला येतात, त्यांच्या मनाचं दुखणंखुपणं बघायचं हे त्यांचं काम.

म्हणजे कागदावर ते काम होतं. प्रत्यक्षात त्या खोलीत गुन्हेगार पाठवले जात. उशिरा आलेले, गृहपाठ न केलेले, ध्वजवंदनाला टोपी विसरलेले. खोलीच्या दारावर ‘मार्गदर्शन व समुपदेशन’ अशी पाटी, पाटीवर सूर्यफूल रंगवलेलं, आणि आत भिंतीवरच्या खिळ्याला कात्री टांगलेली. मुलाचे केस कानाला किंवा कॉलरला टेकले की त्याला त्या खोलीत आणायचं आणि डोक्यावर मधोमध एक खड्डा पाडायचा. मग तो लाजेने बाजारात जाऊन उरलेले केस कापून येई. बू मुरवानी रुजू झाल्या तेव्हा आधीच्या शिक्षकांनी त्यांच्या हातात ती कात्री ठेवली आणि म्हणाले, "मुख्य काम हे. बाकीचं वेळ मिळाला तर."

बू मुरवानी यांनी कात्री परत केली नाही. मंगळवारच्या बाजारात वडाखाली बसणाऱ्या न्हाव्याकडे त्या सुट्टीभर जाऊन बसल्या आणि केस कापायला शिकल्या. नीट, दोन्ही बाजू सारख्या, मानेवरची रेघ सरळ. मग त्यांनी एक पांढरी चादर आणली, आणि खोलीतली खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवली.

माझ्या टेबलापासून ती खिडकी समोरच पडते. मुलगा चादर गुंडाळून बाहेर बघत बसलेला दिसे, बू मुरवानी त्याच्या मागे. तो बोलतोय ते त्याच्या ओठांवरून कळे. मागे उभ्या असलेल्या माणसाचं तोंड दिसत नसलं की मुलगे बोलतात. चष्म्यातून कोणी रोखून बघत असलं तर बोलत नाहीत. इतकी साधी गोष्ट, पण आमच्या तीस शिक्षकांपैकी कोणाला सुचली नव्हती.

एकदा मी सही घ्यायला आत गेलो तेव्हा एक दांडगा मुलगा खुर्चीत होता.

"तोले, कान हलवू नकोस. कापला तर मला परत लावता येणार नाही."

"बू, अजून थोडे कापा ना."

"अजून काय कापू? खाली डोकंच आहे."

"मग हळू कापा."

त्याच्या घरी काय चाललं होतं ते मला आजही माहीत नाही. पण दर महिन्याला तो केस वाढवून येत असे, आणि वाढायच्या आधीच येऊ लागला तेव्हा बू मुरवानी कात्री हवेतच चालवायच्या. नुसता आवाज. व्हरांड्यातल्या पोरांना वाटे, कापताहेत.

मुलींना मात्र ही सोय नव्हती. त्यांचे केस रुमालाखाली. कोणी तपासत नाही, कोणी कापत नाही. मुलगी आपणहून त्या खोलीत गेली तर दुसऱ्या तासाला शाळाभर होई की हिचं डोकं फिरलं, नाहीतर हिचं कुठल्या तरी पोराशी काही झालंय. आमच्याकडे आजारी पडायला हरकत नाही. ताप येऊ द्या, टायफॉइड होऊ द्या, शेजारीपाजारी केळी घेऊन येतात. मन आजारी पडलं की तेच शेजारी मौलवींचं नाव सुचवतात, नाहीतर म्हणतात, नमाज कमी पडतोय.

आता पालुपीकडे येतो. हे तिचं खरं नाव नाही. हे नाव तिने स्वतः निवडून मला दिलं, आणि लिहायची परवानगीही दिली. पुढचं बहुतेक सगळं मला तिने आणि तिच्या वडिलांनी सांगितलं. बू मुरवानी यांनी मला यातलं एक अक्षर सांगितलेलं नाही, आजवर नाही.

पालुपी पहिल्यांदा त्या खोलीत आली ती गुलाबी मोज्यांमुळे. सोमवारी मोजे पांढरे हवेत, असा नियम. गेटवर पहाऱ्याची पाळी असलेल्या शिक्षकाने अडवलं, तिच्या नावावर दोषांक लिहिले आणि समुपदेशनाच्या खोलीकडे पिटाळलं. बू मुरवानी यांच्या कपाटात अशा वेळेसाठी पांढरे मोजे असत. पालुपीने ते घातले, पण उठली नाही.

"अजून काही, न्डुक?"

"नाही, बू."

"वर्गात काय चाललंय?"

"रसायन."

"मग बस अजून थोडं."

पुढच्या खेपेला हिरवे पट्टे. त्यानंतर मांजरांची तोंडं असलेले. तेव्हा बू मुरवानी यांनी कपाट उघडलं नाही.

"तुझ्या दप्तरात पांढरे असतील, ते काढ."

पालुपीने दप्तरातून नीट घडी केलेले पांढरे मोजे काढले.

"नेहमी असतात?"

"हो."

"मग मांजरं कशाला?"

"नुसतं आलं की विचारतात, बू. काय गं, वेड लागलं का? मोजे चुकले म्हटलं की कोणी काही विचारत नाही."

म्हणजे बघा. शाळेत एक खोली आहे, सरकार तिथल्या माणसाला पगार देतं, दारावर सूर्यफूल आहे. आणि त्या खोलीत मदत मागायला जायचं तर पोरीला आधी गुन्हा करावा लागतो. गुन्हेगार म्हणून गेली तर अब्रू शाबूत, आजारी म्हणून गेली तर अब्रू गेली. हा उलटा कारभार आम्ही सगळ्या शिकलेल्या माणसांनी मिळून उभा केला आहे, आणि त्याला आम्ही शिस्त म्हणतो.

पालुपीची आई हाँगकाँगला घरकामाला आहे. पोर पहिलीत होती तेव्हा गेली. रविवारी फोनवर चेहरा दिसतो, तेवढीच भेट. वडील पाक तुमिजो, तिच्या तोंडी ‘बापक’, तंबाखू पिकवतात आणि चिरतात. घरात मारझोड नाही, दारू नाही, काही नाही. फक्त गेल्या ईदच्या आधीपासून पालुपीला सकाळी उठवेना. छातीत धडधड सुरू होई आणि वर्गातल्या भिंती जवळ येताहेत असं वाटे. जेवण कडू लागे. आणि आपण नसतो तर घरात एक तोंड कमी झालं असतं, हा विचार एकदा डोक्यात आला तो मुक्कामालाच राहिला. हे सगळं ती बू मुरवानी यांना सांगू शकली ती पायांकडे बघत, मोजे बदलता बदलता. एक मोजा काढायला तिला अर्धा तास लागे.

बू मुरवानी घाबरल्या नाहीत, त्यांनी तिला देवाधर्माचं व्याख्यान दिलं नाही, ‘तुझ्याहून वाईट परिस्थितीतली मुलं बघ’ असंही म्हटलं नाही. सरकारी आरोग्य केंद्रात एक मानसतज्ज्ञ बसतात. शुक्रवारी बालवीरांच्या कवायतीच्या वेळात पालुपीला त्या स्वतःच्या स्कूटरवरून तिकडे नेऊ लागल्या. काही आठवड्यांनी मानसतज्ज्ञ म्हणाल्या की बोलणं चालू राहू दे, पण जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकाराच्या डॉक्टरांनीही हिला बघायला हवं, औषध लागेल. आणि तिथे पालक हवेत.

"बापकना मी सांगते," पालुपी म्हणाली, "पण कापणी झाल्यावर. आत्ता ते तंबाखूत आहेत, माणूस समोर उभा असला तरी त्यांना दिसत नाही. आणि आईला कळलं तर ती सगळं टाकून निघून येईल, बू. तिच्या पैशावर बांधतोय त्या घराला अजून छप्पर नाही."

"कापणीपर्यंत थांबते. पण ते नसण्याचे विचार वाढले, तर त्याच दिवशी मी तुझ्या घरी येणार. तू हो म्हण नाहीतर नको म्हण. हे आत्ताच सांगून ठेवते, मागून फसवलं म्हणू नकोस."

"बरं."

"आणि मोज्यांचं थांबव. नुसती ये. कोण काय म्हणतं ते मी बघते."

"तुम्ही खोलीत असता, बू. व्हरांड्यात मी असते."

यावर बू मुरवानी मुख्याध्यापकांकडे गेल्या. ते बोलणं माझ्या समोरच झालं. त्यांचं मागणं एवढंच, की आपली खोली मागच्या बाजूला, शाळेच्या दवाखान्याच्या खोलीशेजारी हलवावी. मुलगी डोकं दुखतंय म्हणून दवाखान्यात जाते, तशी इकडेही येईल.

"बू, त्या खोलीला गेल्याच महिन्यात रंग दिलाय," मुख्याध्यापक म्हणाले. "मूल्यांकनाची समिती येणार. खोली समोर दिसली पाहिजे."

"मला ती मुलांना सोयीची हवी आहे, पाक. समिती एक दिवस येते."

"मुलांनी काही केलंच नसेल तर लपूनछपून जायचं कशाला?"

"गुडघा फुटला तरी माणूस आडोसा बघून पायजमा वर करतो."

मुख्याध्यापक हसले आणि त्यांनी विषय बदलला. खोली जागेवरच राहिली.

इकडे दोषांक साचत होते. शिस्तविभाग पाक हार्योतो यांच्याकडे. व्यायामाचे शिक्षक, आवाज मैदानाएवढा, माणूस लबाड नाही. त्यांनी हौसेने सगळे दोषांक संगणकावर घेतले होते, आणि ज्याची बेरीज ठरलेल्या आकड्यापलीकडे गेली त्याचं नाव आपोआप लाल होई, म्हणजे परत द्यायच्या यादीत जाई. मुलगा लाल का झाला, चोरी करून की मोजे घालून, हे संगणक विचारत नसे आणि पाक हार्योतोही विचारत नसत. बू मुरवानी यांनी पालुपीचे दोषांक पुसायला सांगितले तेव्हा ते खरोखरच गोंधळले.

"पुसता येत नाहीत, बू. पुसता आले तर त्याला काय अर्थ?"

"मोज्यांसाठी मुलगी परत देणार?"

"मोज्यांसाठी नाही, सातत्यासाठी. इतक्या वेळा सांगून रंगीत मोजे, म्हणजे आव्हानच झालं की."

पालुपीचं नाव लाल झालं, आणि पाक तुमिजोंना बोलावणं गेलं, ऐन कापणीत. बैठक झाली की परत देण्याचं पत्र तयार करायचं, असा मला निरोप आला. समजा ती गेली असती. शाळा सुटली की शुक्रवार सुटला, स्कूटर सुटली, आरोग्य केंद्र सुटलं. घरी अंगणात तंबाखू वाळवायच्या बांबूच्या चाळण्यांमध्ये दिवसभर एकटी, आणि डोक्यात तो मुक्कामाला आलेला विचार. यात कोणाचा जीव पणाला लागला होता हे सांगायला डॉक्टर नको.

बैठकीच्या आदल्या दिवशी बू मुरवानी यांनी तिला विचारलं, "न्डुक, मी खरं सांगितलं तर तू शाळेत राहशील. सांगू?"

"सगळ्यांसमोर?"

"पाक हार्योतो असतील, मुख्याध्यापक असतील, तुझे वडील."

"बापकना त्यांच्या तोंडून कळणार? नको, बू. शाळेतून काढलं तर काढलं. असं नको."

"ठीक आहे. मग नाही सांगत."

बैठकीला मी टिपणं घ्यायला होतो. कचेरीच्या माणसाला तिथे मत नसतं. पाक तुमिजो शेतातून तसेच आले होते, बोटं तंबाखूच्या चिकाने काळी झालेली, ती लपवायला मांडीखाली घेऊन बसलेले. पालुपी बाहेर बाकावर. पाक हार्योतो यांनी पडद्यावर तिचं लाल नाव दाखवलं आणि गुन्ह्यांची यादी वाचली.

"गुलाबी मोजे. हिरवे मोजे. मांजराचे मोजे. पुन्हा गुलाबी."

पाक तुमिजो यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आणि?"

"आणि काय?"

"म्हणजे केलं काय तिने?"

"हेच. मोजे."

"मोजे?" ते आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे बघू लागले, कोणीतरी हसेल म्हणून. "पाक, मी चिरणाऱ्या माणसांना अर्ध्यावर टाकून आलोय. मला वाटलं पोरीने कोणाचं डोकं फोडलं. घरी तर ती अनवाणीच असते!"

"प्रश्न शिस्तीचा आहे. नियमाप्रमाणे आम्ही तिला तुमच्याकडे परत देत आहोत."

"परत? मी काय उसनी दिली होती का?"

मुख्याध्यापकांनी संमतीचा छापील कागद सहीसाठी पुढे सरकवला. तेव्हा बू मुरवानी बोलल्या.

"ते मोजे मी घालायला सांगितले होते."

पाक हार्योतो यांचा हात हवेतच राहिला. "काय?"

"मी. गेटवर पाळीचे शिक्षक कोणाला अडवतात आणि कोणाला सोडतात, हे मला बघायचं होतं. म्हणून एका मुलीला मुद्दाम रंगीत मोजे घालून पाठवत होते. तिची चूक नाही. मी शिक्षिका, मी सांगितलं, तिने ऐकलं."

"म्हणजे माझ्या गेटवर हेरगिरी?"

"तसं समजा."

"मला न विचारता? माझ्या माणसांवर? आणि मी इथे वेड्यासारखा दोषांक मोजतोय?" पाक हार्योतो यांचा चेहरा पडद्यावरच्या नावाइतका लाल झाला. त्या क्षणापासून पालुपी त्यांच्या डोक्यातून निघून गेली. बू मुरवानी यांनी बरोबर जागी बोट ठेवलं होतं. आमच्या शाळेत लेकरू बुडत असेल तर कोणी वळून बघणार नाही, पण शिक्षकाचा मान दुखावला की सगळी शाळा जागी होते.

मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, हे मी स्वतः पाहिलं. मुलीला परत देण्यापेक्षा शिक्षिकेला दोष देणं कागदोपत्री सोपं. "हे लेखी द्याल, बू?"

"द्या कागद."

त्यांनी तिथेच लिहून सही केली. पालुपीचे दोषांक, जे पुसताच येत नव्हते, ते पाक हार्योतो यांनी दोन बोटांत पुसले. आणि बू मुरवानी यांची डोंगरावरच्या शाळेत बदली करावी अशी शिफारस त्याच दिवशी जिल्हा कचेरीत गेली.

पाक तुमिजो लेकीला मोटारसायकलवर बसवून निघाले ते हसत. रस्ताभर हसत होते. "कसली बाई गं तुमची! पोरीला मांजरं घालायला लावते आणि स्वतः पोलिसगिरी करते. शिकून शिकून डोकं फिरतं एकेकाचं. मी तर म्हणतो तिलाच कोणाला तरी दाखवायला हवं."

"बापक, गाडी थांबवा."

"काय झालं, पडलं का काही?"

"थांबवा म्हणते ना."

चढावर, लोकांनी रस्त्याकडेला तंबाखूच्या चाळण्या वाळत घातल्या होत्या तिथे त्यांनी गाडी थांबवली. पालुपीने उतरून सगळं सांगितलं. बू खोटं बोलल्या, मोजे माझेच, आणि मी तिथे का जात होते. छाती, भिंती, जेवण, आणि शेवटी तो विचारही. पाक तुमिजो मला सांगत होते, की मी गाडी स्टँडवर लावायची विसरलो आणि तशीच धरून उभा राहिलो.

"कधीपासून?"

"ईदच्या आधीपासून."

"आणि मी कुठे होतो?"

"घरातच होता."

त्यांनी गाडी स्टँडवर लावली आणि विचारलं, "आत्ता आहे का तो विचार? या मिनिटाला?"

"या मिनिटाला नाही."

"आला तर मला उठवायचं. शेतात असलो तर शेतात यायचं. चिरणारी माणसं बघतील म्हणून थांबायचं नाही. कळलं?"

"हो."

"आणि ते डॉक्टर कुठल्या दिवशी बसतात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेत आले. अंगात लग्नाकार्याचा बाटिक सदरा, बोटं घासून घासून लाल केलेली. मुख्याध्यापकांच्या खोलीत त्यांनी बसायला नकार दिला.

"पाक, त्या खोलीच्या दारावर पाटी आहे. मी आत्ता वाचून आलो. तिथे लिहिलंय तसं आत काही मिळत असेल, तर माझ्या पोरीला आत जायला गुन्हा का करावा लागला?"

मुख्याध्यापकांना आधी काही कळलंच नाही. पाक तुमिजो यांनी लेकीला विचारूनच आलोय असं सांगून थोडक्यात सगळं सांगितलं. मग म्हणाले, "त्या बूंनी तुम्हाला खोटं लिहून दिलंय. माझ्या पोरीची झाकली मूठ राहावी म्हणून. ते पत्र मागे घ्या."

"पत्र जिल्हा कचेरीत गेलं."

"मग दुसरं पाठवा."

"दुसरं पाठवायचं तर कारण द्यावं लागेल," मुख्याध्यापक म्हणाले, अगदी मऊ आवाजात. "तुम्ही असं करा, लेखी द्या. मुलीचा आजार काय, कधीपासून, उपचार कुठे. ते जोडून पाठवतो."

"कोण वाचणार ते?"

"जिल्हा कचेरी. निरीक्षक. आणि आमचं शिक्षक मंडळ, अर्थात."

पाक तुमिजो बाहेर आले. व्हरांड्यात पालुपी आणि बू मुरवानी उभ्या होत्या. त्यांनी दोघींना सांगितलं.

"मी लिहिते, बू," पालुपी म्हणाली. "आता बापकना माहीत आहे. मला चालेल."

"तुला आज चालेल. निरीक्षकाचा भाचा तुझ्या वर्गात आहे. पुढच्या महिन्यात चालेल का?"

पालुपीने वर्गाच्या दाराकडे पाहिलं.

"एक ओळसुद्धा नाही," बू मुरवानी म्हणाल्या. "मी जाते. डोंगरावर हवा चांगली आहे. तुम्ही दोघं गुरुवारी डॉक्टरांकडे जा, मी मानसतज्ज्ञ बाईंना फोन करते." आणि त्या पळतपळत तासाला गेल्या.

खरं सांगायला तयार असलेला बाप समोर उभा होता, आणि खरं ऐकायची आमच्या शाळेची एकच रीत होती, पोरीचं दुखणं दहा टेबलांवरून फिरवण्याची. मुख्याध्यापकांना फोन उचलून ‘आमची चूक झाली’ म्हणता आलं असतं. एवढ्याला कागद लागत नाही. त्यांनी फोन उचलला नाही. पाक हार्योतो यांना खरं कळलं तेव्हा ते दिवसभर मैदानावर शिट्टी न वाजवता फिरले, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवतो. पण तेही काही बोलले नाहीत.

बू मुरवानी सध्या डोंगरावरच्या एका छोट्या शाळेत हस्तकला शिकवतात, बांबूच्या टोपल्या वगैरे. समुपदेशकाची जागा तिथे नाहीच. पालुपीला डॉक्टरांनी औषध सुरू केलं. ती एकदम बरी झाली असं नाही. मध्ये दोन आठवडे फार वाईट गेले, आणि त्यात तिने खरोखरच एकदा शेतात जाऊन, चिरणाऱ्या माणसांसमोर, वडिलांना हाक मारली. पाक तुमिजो हातातला विळा टाकून उठले. आईला फोनवर सांगितलं; ती रडली, पण निघून आली नाही, कारण लेकीनेच तिला सांगितलं की उपचार चालू आहेत. शनिवारी बापलेक मोटारसायकलवरून बू मुरवानी यांच्या नव्या शाळेच्या गावी जातात. पोरगी आत ओसरीवर बोलत बसते, बाप बाहेर गाडीपाशी विडी ओढतो. तिथल्या एका म्हातारीने त्यांना विचारलं, "पोर आजारी आहे काय?"

"हो, आजारी आहे," पाक तुमिजो म्हणाले. "उपचार चालू आहेत." म्हातारी आत गेली आणि केळ्यांची फणी घेऊन आली.

आणि आमची शाळा? गेल्या सोमवारी ध्वजवंदनानंतर मुख्याध्यापकांनी जाहीर केलं की या सत्रात दोषांक निम्म्यावर आले, मोज्यांचे गुन्हे तर जवळजवळ संपले, आमची मुलं सुधारली. शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. समोर पांढऱ्या मोज्यांच्या रांगा उभ्या होत्या, सगळे नियमात. त्यांतल्या कोणत्या पोरीच्या मनात काय आहे ते आता या शाळेत कोणाला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायची वाटही आम्ही बंद केली आहे. मूल्यांकनाच्या समितीने त्या खोलीला पूर्ण गुण दिले. सूर्यफुलावर रंगाचा नवा हात फिरवला आहे. कात्री खिळ्याला आहे, ती आता पाक हार्योतो यांच्या हाताखालचे एक तरुण शिक्षक चालवतात, आणि मुलगे केस बाजारातूनच बारीक करून येतात.